हळद किती पिवळी हवी?

उन्हाळा आला की वर्षाची हळद, तिखट, मसाला करून ठेवायचा ही आपल्याकडची रीत. आता पुड्या घरोघरी आल्या, तरी सातारा-सांगलीकडे अजून कितीतरी जणी हळकुंडं आणून, ऊन दाखवून गिरणीतून दळून आणतात. दुकानात गेल्यावर मात्र आपलं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा चांगली पिवळीधमक दाखवा हो!" घोळ नेमका इथेच आहे.

हळद काढली की शिजवतात, वाळवतात आणि मग ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. वरची खरबरीत, मळकट साल जाते. भिजून काळवंडलेल्या मालाला याच वेळी रंगही चढवता येतो. त्यातला सगळ्यात वाईट रंग म्हणजे लेड क्रोमेट. रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या रंगात वापरलेला हा पदार्थ, त्यात शिसं असतं.

बांगलादेशात 1980 च्या दशकात पुरात भिजलेली हळद खपवण्यासाठी व्यापाऱ्यांनी हा रंग वापरायला सुरुवात केली आणि पुढे ती सवयच पडली. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या पाटण्याच्या काही नमुन्यांत ते कायद्याच्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त होतं. आपल्याकडे ही मर्यादा एका किलोला 10 मिलिग्रॅम आहे.

सांगलीच्या हळदीवर बोट ठेवायचं म्हणून हे लिहीत नाही. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकणारी आपली हळद, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिचं नाव राखायचं तर गिऱ्हाइकानेच डोळस व्हायला हवं ना?

कारण शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. ते हाडांत साठून राहतं, आणि बाई गरोदर राहिली की हाडांतून रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, पुन्हा भरून येत नाही. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं आणखी मुरतं. आपल्या बायकांत रक्त कमी असणं किती सर्रास, ते वेगळं सांगायला नको. आणि खोकला झाला की लेकराला हळदीचं दूध आपणच देतो!

मग करायचं काय? अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात टाकून बघा. लगेच पिवळा रंग सुटला तर ते घेऊ नका. ही झाली ढोबळ परीक्षा, शिसं किती ते प्रयोगशाळाच सांगते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून माल तपासून घेता येतो. फक्त तसं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. माल नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते.

बांगलादेशने दंड, छापे, प्रचार सगळं एकदम केलं आणि 2021 मध्ये 47 टक्क्यांचं प्रमाण शून्यावर आलं. दोनच वर्षांत!

यंदा दुकानात "बिनपॉलिशची, मळकट दिसली तरी चालेल" असं म्हणून बघा. काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर कळवा.