तंबू लहान चालेल, अंगण मोठं हवं

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक विषय आज, या शनिवारी, एकदाचा लिहून टाकतो. विषय आहे फॅमिली टेंट. सहा-सात जणांच्या कुटुंबाने कॅम्पिंगला न्यायचा मोठा तंबू. दिवाळी झाली, थंडी सुरू झाली की मित्रांचे फोन येतात. "अरे, आम्ही सात जण आहोत. आठ जणांचा घेऊ की दहा जणांचा?" माझं उत्तर आता ठरून गेलंय : दोन्ही नको. दोन मध्यम तंबू घे आणि मधे अंगण कर. यावर समोरचा "बघतो" म्हणतो, म्हणजे ऐकणार नसतो. म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं मराठवाड्याच्या हिशोबाने आहे. माझं घर लातूरचं, सासुरवाडी नांदेडची, नोकरी पुण्यात. सुट्टीत आम्ही फिरतो ते याच पट्ट्यात. कधी औशाकडचं आमचं शेत, कधी कंधारचा किल्ला, कधी पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. हिमालयात किंवा युरोपात तंबू लावणाऱ्यांनी आपापलं बघून घ्यावं :-)

आधी तो माणसांचा आकडा. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ तंबूंवर ४.१, ६.३ असे आकडे असतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की हे सॉफ्टवेअरचं व्हर्जन आहे. तसं नाही. पहिला आकडा माणसांचा, दुसरा खोल्यांचा. ४.१ म्हणजे चार माणसं, एक खोली. पण ही 'माणसं' कशी मोजतात? चार जणांच्या खोलीची रुंदी साधारण २४० सेंमी असते. म्हणजे दर माणशी ६० सेंमी, दोन फुटांची पट्टी. लांबी धरा २१० सेंमी. गुणाकार केला की माणशी सव्वा चौरस मीटर होतो. सगळ्यांनी काडेपेटीतल्या काड्यांसारखं सरळ झोपायचं, कुशीवर वळायचं तर सर्वानुमते ठराव करून!

याची तुलना एका वेगळ्याच गोष्टीशी करून बघा. आपत्तीच्या वेळच्या मदतकार्यासाठी 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, १९९७ साली हे काम सुरू झालं. घरदार गेलेल्या माणसाला तात्पुरत्या निवाऱ्यात कमीत कमी किती जागा मिळावी, तर ३.५ चौरस मीटर, आणि तीही स्वयंपाकाची आणि आंघोळीची जागा सोडून. म्हणजे आपण हौसेने, पैसे मोजून घेतो त्या तंबूत आपल्याला निर्वासितापेक्षाही पावणेतीन पट कमी जागा मिळते. आता कुणी म्हणेल, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. बरोबर आहे. म्हणून मी ३.५ चा आग्रह धरत नाही. पण लेबलवरचा आकडा निम्मा करून वाचायचा, एवढा नियम मात्र पाळाच. आठ जणांचा तंबू म्हणजे चार मोठी माणसं आणि त्यांच्या बॅगा.

मग सात जणांसाठी चौदा जणांचा तंबू घ्यायचा का? इथेच खरी गंमत आहे.

आमचे सात जण कोण? आई, बाबा, सासूबाई, आम्ही दोघं, एक मुलगी, एक मुलगा. आता ज्याने हा आठ जणांचा तंबू डिझाइन केला त्याला व्याही-विहीण हे नातं ठाऊक नसणार. माझे बाबा आणि माझ्या सासूबाई एकाच खोलीत, दोन फुटांच्या पट्ट्यांवर? कल्पनाही करवत नाही. दोघंही रात्रभर गाडीत बसून काढतील, पण आत येणार नाहीत. मधे कापडाचा पडदा आहे, असं दुकानदार सांगतो. पडदा आहे हो, पण त्यातून बाबांचं घोरणं जसंच्या तसं पलीकडे जातं आणि पलीकडची कुजबुज अलीकडे येते. आपल्याकडे मोठा तंबू म्हणजे मोठी खोली नव्हे. ती जाणून घ्यायची रिक्वायरमेंट आहे : कोण कुणाशेजारी झोपू शकतं आणि कोण नाही. आमच्याकडे आई, सासूबाई, बायको, मुलगी एका तंबूत. बाबा, मी आणि मुलगा दुसऱ्यात. प्रश्न मिटला.

दुसरं कारण वाऱ्याचं. आत ताठ उभं राहता येईल असा मोठा, उंच तंबू म्हणजे जमिनीवर बांधलेलं शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो, हे शाळेत शिकलोय. आणि आपल्या भागातला अवकाळी काही सांगून येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आठवत असेल. द्राक्षं, गहू, हरभरा, काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या वेळी कापडाखाली कुणी असू नये हे खरंच, पण साधी वावटळ आली तरी एकुलता एक मोठा तंबू बसला की अख्खं कुटुंब उघड्यावर. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. दोन तंबू असले की एक बसला तर सगळे दुसऱ्यात. दाटीवाटीने का होईना, रात्र निघते.

जमिनीचंही असंच. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या वाकतात. तीच माती ओली झाली की फुगते आणि खुंटी लोण्यातून सुरी यावी तशी अलगद वर येते. किल्ल्यावर किंवा माळावर गेलात तर खाली काळा पाषाण, तिथे खुंटी जातच नाही. म्हणून बांबूच्या कमानीवर आपोआप उभा राहणारा तंबू बरा, आणि दोऱ्या दगडांना बांधायची तयारी ठेवायची. जाड लोखंडी खुंट्या लोहाराकडून वेगळ्या करून घ्याव्यात.

हे सगळं कॅटलॉगमध्ये सापडत नाही, पण आपल्याकडे माहीत असलेली माणसं आहेत. लातूर-नांदेड रस्त्यावर लोह्याजवळ माळेगाव लागतं. मार्गशीर्ष संपत येतो तेव्हा तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार, तमाशाचे फड, आणि दूरदूरहून आलेल्या भटक्या समाजाच्या कुटुंबांची पालं. पुढच्या वेळी गेलात तर उंटांचे फोटो काढून झाल्यावर जरा या पालांकडे बघा. एकच भलंमोठं पाल करून त्यात सगळा कबिला कोंबलेला दिसणार नाही. लहान लहान पालं, जवळजवळ, आणि त्यांच्यामधे मोकळी जागा. चूल बाहेर. माणसं दिवसभर बाहेर. पाल फक्त पाठ टेकायला आणि सामान ठेवायला. हे लोक पिढ्यानपिढ्या कापडाखाली राहतायत. त्यांनी जे ठरवलं ते विचार करूनच ठरवलं असणार.

आपल्या भाषेतही बघा ना, एका टेंटला किती शब्द होते. तंबू, डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना. झोपायची राहुटी वेगळी, आडोशाची कनात वेगळी, बसायचा शामियाना वेगळा. ही कामं वेगवेगळी आहेत हे आपल्या लोकांना माहीत होतं. एकाच कापडात बेडरूम, हॉल, किचन कोंबण्याची आयडिया फ्लॅटमधून आलीय, असं माझं आपलं मत.

आता जरा गंभीर गोष्ट.

मराठवाड्यात कापडाखाली राहणं ही नेहमीच हौस नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार छत, झोपेतच अंगावर आलं. नंतर ५२ गावं नव्याने वसवली गेली, पण त्याला काही वर्षं लागली. तोवर लोक तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये होते. ज्यांची घरं उभी राहिली होती तेही कित्येक आठवडे घरात झोपायला धजत नव्हते. आमचं घर तडकलं होतं. आई-बाबांनी आम्हाला घेऊन शेतात ताडपत्रीखाली दिवस काढले, मग पत्र्याखाली.

त्यामुळे मी पहिल्यांदा तंबूचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, "हौसेनं तंबूत राहायचं? आम्ही राहिलोत की एकदा." त्यावर मला काही बोलता आलं नाही. पण नंतर मी मोबाइलवर तंबूंचे फोटो बघत बसलो तेव्हा तीच शेजारी येऊन बसली, आणि तिने जे प्रश्न विचारले ते एकाही रिव्ह्यूमध्ये नव्हते.

"ह्याच्यात वाकून शिरायचं का? गुडघे कुणाचे, तुझे का माझे?"

"लुगडं नेसायला उभं राहता येतंय का?"

"रात्री उठलं तर लेकरं तुडवत जायचं का?"

"जमीन कशी हाय? पाणी वरून येत नसतंय रे, खालून येतंय."

हे शेवटचं वाक्य तर सोन्याचं आहे. तंबूवर ३००० मिमी असा वॉटरप्रूफचा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपू देत नाही. छान आहे. पण सखल जागी लावलेल्या तंबूखाली पाणी आलं तर छताचा आकडा काय कामाचा? थोडी उंचावरची जागा बघा, ओढ्याच्या पात्रापासून लांब राहा आणि तळाचं कापड जाड घ्या. आईने हे १९९३ मध्ये शिकलंय, आणि फार महाग शिकलंय.

तर माझा मुद्दा असा : फॅमिली टेंट निवडायचा तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन निवडावा. दुकानात मांडलेल्या तंबूत त्यांना आत जाऊ द्या, बसू द्या, उठू द्या, बाहेर येऊ द्या. त्यांना जमलं तर सगळ्यांना जमतं. कारण हे नीट झालं नाही तर पुढच्या वेळी काय होतं माहितीय? आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते, कुणीतरी घर बघायला पाहिजेच." बाबा म्हणतात, "तिला एकटीला कसं सोडू?" मग सासूबाईंना अवघडल्यासारखं होतं. बघता बघता फॅमिली टेंटमधून फॅमिलीच गळून जाते, आणि उरतो चौघांचा चौकोन. तो तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये रोजचाच आहे! त्यासाठी चारशे किलोमीटर यायची काय गरज?

म्हणून माझी मांडणी अशी. एक तंबू उंच, आत १८०-१९० सेंमी, सरळ भिंतींचा, मोठ्या दाराचा. तो बायकांचा, दाराजवळची जागा आजीची. दुसरा बुटका, घुमटाकार, वाऱ्याला दाद न देणारा. तो आमचा. दोघांची दारं समोरासमोर, मधे दहा-बारा फूट जागा, वर ताडपत्री. ताडपत्री विकत घ्यायलाही नको, सोयाबीनच्या राशीवर टाकतात ती घरात असतेच. उरलेल्या पैशांत एक छोटा उभा टॉयलेट टेंट आणि दोन चांगले कंदील. रात्री उठणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींचा आधार कुठल्याही महागड्या तंबूपेक्षा जास्त वाटतो.

कॅनव्हास की पॉलिस्टर, हाही प्रश्न येतो. कॅनव्हास हवा खेळू देतो, उन्हात कमी तापतो, पण वजन फार आणि ओला घडी घातला की बुरशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच जाणार असाल तर पॉलिस्टर चालेल, फक्त जाळीच्या खिडक्या समोरासमोर असाव्यात. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर असताना जाऊच नका, आणि गेलातच तर दुपारी तंबूत नाही, लिंबाच्या झाडाखाली बसा. त्या सावलीची बरोबरी करणारं कापड अजून निघालेलं नाही.

आणि एक, हात जोडून. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही. चूल अंगणात. जंगलात किंवा किल्ल्यावर मुक्काम करायचा असेल तर आधी रीतसर परवानगी काढा.

असो. बराच मोठा झाला लेख. थोडक्यात काय, कॅम्पिंगहून परत आल्यावर तंबूच्या आत काय झालं ते कुणाला आठवत नाही. झोपलो होतो, एवढंच. आठवतं ते बाहेरचं. चुलीवरची भाकरी, बाबांनी पोरांना दाखवलेले सप्तर्षी, आई आणि सासूबाईंच्या न संपणाऱ्या गप्पा. त्या गप्पांना जागा लागते. तेव्हा दुकानात "किती माणसांचा?" असं विचारलं की सांगा, माणसांचं आम्ही बघतो, तुम्ही आधी दार किती उंच आहे ते दाखवा.