जिद्दीच्या बातम्या आणि कोयत्यावरची मुलं

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. रिक्षावाल्याची मुलगी, धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा, नव्वद टक्के. त्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ‘जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही,’ असं म्हणून आपण मोकळे होतो आणि ज्यांना नव्वद टक्के पडले नाहीत त्यांच्यात जिद्द नव्हती, हे न बोलताच ठरून जातं. असं क्वचित घडतं म्हणून तर त्याची बातमी होते. डॉक्टरांच्या मुलाला नव्वद टक्के पडले, हे कुणी छापत नाही.

हा युक्तिवाद घेऊन बीड जिल्ह्यात जाऊ. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात कोपी उभी राहते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, तेच घर. आई पहाटे उठून भाकरी थापते आणि फडात जाते. मागे राहिलेल्या तान्ह्याला नऊ-दहा वर्षांची बहीण सांभाळते. थोरला वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर या मुलांची नावं असतात, पण शाळेचं दुसरं सत्र त्यांच्या वाट्याला येत नाही. पहिलीचं बुडालेलं अर्धं वर्ष दुसरीत भरून निघत नाही, कारण दुसरीचंही अर्धंच मिळतं. हातच्याची बेरीज राहिली की गुणाकार राहतो, गुणाकार राहिला की भागाकार, मग अपूर्णांक. पाचवीत कुणीतरी शेरा मारतं, ‘याचं डोकंच चालत नाही.’

राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही नापास झालं तर तोच वर्ग पुन्हा. परीक्षा असावी की नसावी हा वेगळा वाद आहे. पण ज्या मुलीला दुसरं सत्र मिळालंच नाही, तिला त्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेवर नापास ठरवणं अन्याय आहे. तो शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात नको, आपल्या व्यवस्थेच्या खात्यावर हवा.

‘शेवटी बुद्धी उपजतच असते,’ असंही ऐकू येतं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाचीही जात उच्चारली नव्हती तेव्हा दलित मुलं आणि वरच्या जातींतली मुलं बरोबरीने सोडवत होती. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच होती, कोडीही त्याच प्रकारची होती. बदललं होतं ते एवढंच, की तुझी पायरी कोणती याची आठवण करून दिली गेली. जात आणि वर्ग एकच नव्हेत, पण आपल्या वर्गखोल्यांत ही दोन्ही ओझी बहुतेकदा एकाच पाठीवर असतात.

‘आईबापांनाच आस्था नाही’ हा आरोप मला सर्वांत जास्त टोचतो. मध्यमवर्गीय घरात आस्था विकत घेता येते. शिकवणी लावतात, क्लास लावतात, अकरावीला लातूरला खोली घेऊन देतात. गणित अडलं तर घरात कुणीतरी बसवून सांगतं. थकलेल्या आजीच्या भरवशावर पोराला गावात ठेवून, केवळ त्याची शाळा बुडू नये म्हणून, पाच-सहा महिने परमुलखात राबणाऱ्या आईची आस्था यापेक्षा कमी आहे, असं कुणी म्हणू नये.

आता उलट्या टोकाचं म्हणणं. अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा प्रभाव मोठा असल्याचं दाखवलं. त्याचा आधार घेऊन काही जण म्हणतात, मग शाळेवर पैसा ओतून उपयोग काय? त्याच अहवालातली दुसरी गोष्ट ते सांगत नाहीत. घरून ज्यांना कमी मिळतं, त्या मुलांवर चांगल्या शिक्षकाचा परिणाम अधिक होतो. वर्गाचा परिणाम खरा आहे, पण तो अटळ नाही.

हे महाराष्ट्राला नव्याने सांगावं लागू नये. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या थरांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभारली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत गरिबांची पोरं ठेवून घेतली. गरिबाच्या मुलाला आधी निवारा आणि भाकरी लागते, मग फळा, हे या माणसांनी ओळखलं होतं. त्याच राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट देऊ केली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, म्हणून ते दार उघडं राहिलं.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे. ती टोळ्या निघण्याआधी सुरू झाली पाहिजे. मुलं एकदा ट्रकमध्ये चढली की योजनेला अर्थ उरत नाही. आईबाप परतेपर्यंत जेवण, रात्रीचा मुक्काम, मुलींसाठी विश्वासू बाई आणि बुडालेला अभ्यास भरून काढणारा शिक्षक, एवढं प्रत्येक गावाला मिळालं पाहिजे. ऊस गोळा करायला कारखाने महिनोन्महिने आधी नियोजन करतात. जिल्हा परिषदांनी या मुलांसाठी तेवढं तरी करावं, आणि यंदाच्या दिवाळीपूर्वी करावं.