‘ज्याचा माल त्याचा हमाल’. आणि हमालच उरला नाही तर?

१/
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना संग्रामदुर्ग आठवतो, १६६० चा वेढा आठवतो, फिरंगोजी नरसाळा आठवतात. त्याच चाकणपासून चिंचवडपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या मागच्या दाराशी आज आणखी एक ऐतिहासिक प्रश्न येऊन ठेपला आहे. त्याचे नाव स्वयंचलित डॉक. त्याविषयी एक असत्य इतक्या सहजपणे सांगितले जाते की ते खोडून काढणे आवश्यक झाले आहे. #धागा

२/
ते असत्य असे : यंत्र आले की हमाल जातो, हा काळाचा नियम आहे आणि त्याला कोणीही जबाबदार नसते.
वस्तुस्थिती अशी की यंत्राने वाचवलेला पैसा कोणाच्या खिशात जावा, हे प्रत्येक वेळी माणसांनी ठरवले आहे. कधी करार करून, कधी कायदा करून, आणि पुष्कळदा गप्प बसून.

३/
प्रथम यंत्राची ओळख. गोदामाच्या भिंतीत गाडीच्या तळाइतक्या उंचीवर जे दार असते, त्याला कारखान्यात ‘डॉक’ म्हणतात. गाडी मागे घेत घेत त्याला ‘लागते’. फलाट आणि गाडी यांच्या उंचीतील फरक डॉक लेव्हलर ही वरखाली होणारी लोखंडी पाटी भरून काढते. मग फोर्कलिफ्ट आणि हँड पॅलेट आत-बाहेर करू लागतात. जेथे पॅलेट नसते, तेथे खोकी आणि पोती माणसांच्या हातांवरून, पाठीवरून उतरतात.

४/
स्वयंचलित डॉकमध्ये फलाटावर आणि गाडीच्या तळाशी, अशा दोन्ही ठिकाणी साखळ्या, रोलर किंवा सरकते पट्टे बसवलेले असतात. गाडी दोन कठड्यांमधून मागे येते. ती सरळ लागल्याची खात्री सेन्सर करतात. मग रांगेत मांडून ठेवलेला सगळा माल एका सलग हालचालीत गाडीत सरकतो किंवा गाडीतून गोदामात येतो. फोर्कलिफ्टला अर्धा-पाऊण तास लागणारे काम काही मिनिटांत उरकते.

५/
मात्र गाडीच्या तळातही यंत्रणा लागत असल्यामुळे भाड्याने आलेल्या कोणत्याही ट्रकला हा डॉक चालत नाही. ठरलेल्या गाड्या, ठरलेले माप, थोडे अंतर आणि दिवसभरात अनेक फेऱ्या, अशा ठिकाणीच तो परवडतो. पुरवठादाराकडून सुटे भाग उचलून जुळणी कारखान्याकडे अखंड चकरा मारणाऱ्या गाड्या हेच तर चाकण-चिंचवड पट्ट्याचे दैनंदिन जीवन. हे यंत्र जणू या पट्ट्यासाठीच घडवलेले आहे.

६/
आता इतिहास. चिंचवडवरून रेल्वे धावू लागली ती १८५८ मध्ये, खंडाळा-पुणे मार्ग खुला झाला तेव्हा. मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचला होता. मधला बोरघाट मात्र रुळांविना होता. म्हणजे एका गाडीतून उतरवलेला माल घाट चढवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. पाच वर्षे हा मधला दुवा बैलगाड्यांनी, घोड्यांनी, पालख्यांनी आणि माणसांनी सांभाळला.

७/
१८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू झाला आणि दुव्याचे काम संपले. घाट बांधताना मरण पावलेल्या मजुरांचा उल्लेख निदान होतो तरी. घाटातून ओझी वाहून पोट भरणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सोयच तेव्हा नव्हती. त्यांच्यासाठी कायदा नव्हता आणि करारही नव्हता. ‘यंत्र आले, माणूस गेला’ हे वाक्य जेथे खरे ठरते, ती परिस्थिती अशी असते. तिला निसर्गनियम म्हणणे हा अप्रामाणिकपणा आहे.

८/
यंत्राच्या कैवाऱ्यांचे आवडते वर्ष १९५६. त्या वर्षी २६ एप्रिलला ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. त्यामागे होता मॅल्कम मॅक्लीन हा ट्रकव्यावसायिक. सुटा माल जहाजात भरण्याचा खर्च टनामागे ५.८३ डॉलर होता. पेट्यांनी तो १६ सेंटांच्या आसपास आणला. कंटेनरयुगाची कथा येथे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते आणि बहुधा येथेच थांबवली जाते. पुढची चार वर्षे कोणी वाचत नाही.

९/
त्या चार वर्षांच्या अखेरीस, १९६० मध्ये, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली यंत्रीकरणाचा करार केला. यंत्रांना वाट मोकळी करून दिली. बदल्यात मालकांनी साडेपाच वर्षांत सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर कामगार निधीत भरण्याचे मान्य केले. नोंदणीकृत कामगाराला काढायचे नाही आणि लवकर निवृत्त होणाऱ्याला एकरकमी पैसे द्यायचे, हेही ठरले.

१०/
पूर्व किनाऱ्यावर त्याच वर्षी लवादाने वेगळा मार्ग दाखवला. कंटेनरमधून जाणाऱ्या मालावर जहाजाच्या प्रकारानुसार टनामागे ३५ सेंट ते १ डॉलर अशी रॉयल्टी बसवली गेली. मजुरी कमी झाली तरी माल वाढतच होता, म्हणून निधीही वाढत राहणार होता. या दोन वाटांतील फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक ठोक रक्कम होती. दुसरी वजनाला बांधलेली होती.

११/
ठोक रकमेची मर्यादा लवकरच उघड झाली. कंटेनरने दिलेला फायदा करार करताना कोणी कल्पिला होता त्याहून कितीतरी मोठा निघाला, आणि तात्पुरते व दुय्यम नोंदणीचे कामगार हमीबाहेरच राहिले. १९७१ मध्ये पश्चिम किनारा चार महिन्यांहून अधिक काळ संपात गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्व किनाऱ्यावर तीन दिवसांचा संप झाला, तेव्हाही वादाचा एक प्रमुख मुद्दा स्वयंचलनच होता. वाटणीचा प्रश्न एकदा सोडवून संपत नाही.

१२/
भारतातही १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ आले. रोज पहाटे गोदीच्या दाराशी उभे राहून मुकादमाच्या मर्जीची वाट पाहणे त्यामुळे थांबले. परंतु हे संरक्षण मुंबई बंदराच्या जागेला बांधलेले होते. १९८९ मध्ये पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा ओघ तिकडे वळला. माल जागा सोडून गेला. मंडळ जागेवरच राहिले.

१३/
कंटेनरने आणखी एक गोष्ट केली. पेटी भरणे आणि रिकामी करणे हे काम धक्क्यावर होण्याची गरज उरली नाही. ते देशाच्या आत, कारखान्यांच्या जवळ आले. चिंचवडचा अंतर्देशीय कंटेनर डेपो याच बदलाचे अपत्य. काम नाहीसे झाले नव्हते. ते हलले होते, आणि हलताना आपले जुने हक्क बंदरातच टाकून आले होते.

१४/
हे काम ज्या भूमीत आले, तिच्याकडे मात्र स्वतःचा एक कायदा होता. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा, १९६९. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडींना उभे केले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने तीच लढाई लढवली. माथ्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला कायद्याच्या शीर्षकात स्थान मिळाले, ही लहान गोष्ट नव्हती.

१५/
या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. हमालाचा एक मालक नसतो. सकाळी एका गोदामात, दुपारी दुसऱ्या. म्हणून सरकार, मालक आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ नेमले गेले. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मजुरी टनावर, नगावर किंवा गाडीवर ठरते आणि मंडळामार्फत मिळते. मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालक भरतो. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा आणि औषधोपचार.

१६/
आणि नेमकी येथेच गळती आहे. लेव्ही बसते मजुरीवर. मालावर बसत नाही. स्वयंचलित डॉकवर कितीही टन माल सरकला तरी माथाडीची मजुरी शून्य, म्हणून लेव्हीही शून्य. जो माल काल एका टोळीच्या म्हातारपणाची तरतूद करत होता, तोच माल त्याच दारातून, अधिक वेगाने, आज एक पैसाही न देता जातो. यंत्राने हे केलेले नाही. कायद्यातील टक्केवारी कशावर मोजायची, या एका निवडीने हे घडते.

१७/
२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळात आले आणि माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या वादात, यंत्राच्या साहाय्याने होणाऱ्या कामाला अंगमेहनतीचे काम मानायचे की नाही, हा प्रश्न ऐरणीवर आला. ‘मानायचे नाही’ असे म्हणणे म्हणजे हँड पॅलेट ओढणाऱ्यालाही यंत्रचालक ठरवून हक्कांच्या बाहेर काढणे. फोर्कलिफ्ट आली म्हणून पाठ दुखायची थांबते. पोट भुकेचे थांबत नाही.

१८/
उद्योजकांचा आक्षेप येथे ऐकला पाहिजे, कारण तो खोटा नाही. माथाडी म्हणवून घेणाऱ्या, प्रत्यक्षात ओझ्याला हातही न लावणाऱ्या टोळ्या कारखान्यांकडून पैसे उकळतात, ही तक्रार चाकण परिसरात जुनी आहे. ती गुन्हेगारी आहे आणि तिच्यावर गुन्हेगारीसारखीच कारवाई व्हावी. पण खंडणीखोर फोफावतो तो नोंद नसलेल्या रोखीच्या व्यवहारात. नोंदणी, ठरलेला दर आणि मंडळामार्फत मजुरी ही १९६९ ची रचना त्याच रोगावरचे औषध होती. रोग बळावला म्हणून औषधाची बाटली फोडणे शहाणपणाचे नाही.

१९/
वाहतूकदारांची एक प्रसिद्ध घोषणा आहे : ‘ज्याचा माल त्याचा हमाल’. गाडी खाली करण्याचा खर्च ट्रकमालकाच्या माथी मारू नका, तो माल असणाऱ्याने द्यावा, एवढाच तिचा मूळ अर्थ. परंतु तिच्यात एक मोठे तत्त्व दडलेले आहे. ओझ्याची जबाबदारी ओझ्याच्या मालकाची. ते ओझे हमालाने उचलो वा साखळीने, माल त्याचाच असतो. मग जबाबदारी कोठे नाहीशी होते?

२०/
म्हणून मागणी सरळ आहे. स्वयंचलित डॉकवरून जाणाऱ्या मालावर टनामागे लहानशी लेव्ही बसवावी. ती ठरावीक वर्षे चालावी आणि टप्प्याटप्प्याने कमी व्हावी. त्या गोदामात पूर्वीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत माथाडींनाच तिचा लाभ मिळावा : निवृत्तीची रक्कम, तुटलेल्या मजुरीची भरपाई, आणि डॉकची देखभाल शिकायची असेल त्याला त्याचे प्रशिक्षण. मंडळ अस्तित्वात आहे, नोंदवह्या आहेत. बदलायचे आहे ते मोजमाप.

२१/
‘अशाने कारखाने दुसऱ्या राज्यात जातील,’ हा ठेवणीतला धाक. तो पूर्णपणे निराधार नाही. म्हणूनच लेव्ही लहान आणि मुदतीची हवी. परंतु चाकणला कारखाने आले ते पुरवठादारांचे जाळे, तयार कामगार, पुणे-मुंबई महामार्ग आणि न्हावा-शेवाचे बंदर यांमुळे. हे जाळे उचलून नेणे डॉकवरच्या टनामागच्या काही रुपयांहून फार महाग आहे. आणि स्वयंचलित डॉकला तर ठरलेल्या गाड्या व थोडे अंतरच लागते. जो कारखाना हा डॉक उभारतो, तो येथेच मुळे रोवतो.

२२/
आणखी एक भ्रम दूर व्हावा. स्वयंचलित डॉकवर ‘मनुष्यबळ लागत नाही’ असे म्हटले जाते. परंतु यंत्र सरकवते ते आधीच नीट रचलेला माल. पॅलेट रचणे, पट्ट्या आवळणे, फुटलेले खोके बाजूला काढणे हे कोणीतरी करतेच. बहुधा दूरच्या पुरवठादाराकडे, कंत्राटावर, कोणत्याही मंडळाच्या नोंदीबाहेर. कंटेनरने बंदरातील काम चिंचवडला हलवले. डॉक चिंचवडचे काम कोठेतरी आणखी आत, आणखी अंधारात हलवील. जेथे नोंद नाही तेथे ‘माणूस नाही’ असे म्हणणे सोपे जाते.

२३/
या धाग्याचा रोख यंत्राविरुद्ध नाही. मणक्यांचा चुरा करणारे ओझे कोणत्याही माणसाने आयुष्यभर वाहू नये. साखळीने ते खुशाल वाहावे. रोख आहे तो ‘काळाचा नियम’ या शब्दांमागे लपणाऱ्यांविरुद्ध. १८६३ मध्ये बोरघाटातील ओझेवाल्यांसाठी कायदा नव्हता, म्हणून ते इतिहासातून पुसले गेले. १९६० मध्ये लवादाने निवाडा दिला, म्हणून नेवार्कच्या गोदी कामगाराचा हिस्सा टनांत मोजला गेला.

२४/
चाकणकडे १९६९ पासूनचा कायदा आहे. डॉकच्या फलाटावर साखळ्या बसवण्यापूर्वी त्या कायद्यातील एक ओळ बदलता येते. ती बदलली नाही, आणि उद्या एखाद्या टोळीला रिकाम्या हाताने पाटणची एसटी धरावी लागली, तर भावी इतिहासकाराने ‘यंत्र आले आणि हमाल गेला’ असे लिहू नये. कोण गप्प बसले होते, ते लिहावे.

(समाप्त)