किल्ली कोणाच्या कनवटीला?

चंदीगड, पंचकुला आणि चंडीमंदिर येथे नोकरीनिमित्त राहणारी काही मराठी कुटुंबे गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पिंजौरच्या उद्यानात जमली होती. पोहे झाले, चहा झाला, बदल्यांच्या वार्ता झाल्या आणि मग संगणकाची गोष्ट निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमची, अर्थात कार्यप्रणालीची, नेहमीची देखभाल थांबविली होती आणि तशा सूचना पडद्यावर झळकू लागल्या होत्या. तेथे बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तीस वर्षे कचेऱ्या चालविलेल्या. ते निर्धास्तपणे म्हणाले, "ती पाटी येते, मी ती मिटवून टाकतो. मुलगा सुटीत पुण्याहून येईल, तेव्हा पाहील." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. परतीच्या वाटेवर मात्र त्या मान डोलावण्याची आम्हांस लाज वाटू लागली.

आमच्या वाचकांपैकी बहुसंख्य अधिकारी आहेत. म्हणून स्पष्टच लिहितो. "आम्ही काही तांत्रिक माणसे नव्हेत" हे वाक्य आपल्या वर्गात विनयाचे म्हणून खपते. वस्तुतः तो विनय नसून आळस आहे, आणि तोही प्रतिष्ठेचे उपरणे पांघरलेला आळस आहे. ज्यास कारभार कळतो त्यास संगणकाची कार्यप्रणाली कळू शकते. किंबहुना इतर कोणाहीपेक्षा त्यास ती लवकर कळावी, असे आमचे मत आहे.

हे मत आम्ही हवेतून काढलेले नाही. १९८१ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचे एक यंत्र बाजारात आणले. ते कचेरीतील माणसांसाठी होते. म्हणून त्याच्या पडद्यावर कचेरीचेच मेज मांडले होते. कागद, फोल्डर, फायलींचे खण, आलेल्या टपालाची पेटी आणि जावयाच्या टपालाची पेटी! आज घरोघरच्या संगणकावर जे दिसते ते त्याच मेजाचे वंशज आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनी कारकुनाचे जग उचलून यंत्रात ठेवले, आणि ते पाहून त्या जगाचे धनीच "हे आमच्या आवाक्याबाहेरचे" म्हणून दूर सरले. याहून मोठा विपर्यास कोणता?

कार्यप्रणाली म्हणजे काय? ती यंत्राची कार्यालय-अधीक्षक आहे. कोणते काम आधी, कोणते मागून, कोणास किती जागा द्यावयाची, कोणता कागद कोणत्या कपाटात ठेवावयाचा आणि तो कोणी पाहावा, कोणी पाहू नये, हे ती ठरविते. फायलीचा 'पाथ' म्हणजे कपाट, खण, फोल्डर आणि कागद असा क्रमाने लिहिलेला पत्ता. सामान्य वापरकर्ता आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' यांतील भेद म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजुरी देणारा यांतील भेद. 'सेव्ह' करणे म्हणजे टिपण दप्तरी दाखल करणे. ते झाले नाही तर मसुदा चालू स्मृतीतच राहतो आणि वीज जाताच नाहीसा होतो. 'बॅकअप' म्हणजे दुसऱ्या जागी ठेवलेली स्थळप्रत. ही चार तत्त्वे ज्यास उमगली त्याचे अर्धे शिक्षण झाले. यांत गणित कोठे आहे? विद्युत्शास्त्र कोठे आहे?

यावर कोणी म्हणेल, "गाडी चालविणाऱ्याने इंजिन कशास उघडावे?" या प्रश्नाचे उत्तर पिंजौरनेच द्यावे. येथे एच.एम.टी.च्या कारखान्यात १९७१पासून चेकोस्लोव्हाकियाच्या तांत्रिक सहकार्याने ट्रॅक्टर तयार होऊ लागले. ते घेणाऱ्या शेतकऱ्यास पोलाद कसे ओततात हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. परंतु तेल केव्हा बदलावे, गाळणी केव्हा धुवावी, चढावर कोणता गिअर टाकावा, हे तो शिकला. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना गेला, पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर होता तो त्यामुळे नांगरटीस अडून राहिला नाही. तो ट्रॅक्टर शिकला होता, कंपनी शिकला नव्हता. आपण मात्र कंपनी शिकलो. तिने बटणाची जागा हलविली की आपण हरवतो आणि तिने देखभाल थांबविली की यंत्र चांगले असूनही आपला हात थांबतो.

हा दोष केवळ शिकणाऱ्याचा नाही, शिकविणाऱ्याचाही आहे. महाराष्ट्रात २००१पासून एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम चालू आहे. त्यामुळे गावोगावच्या असंख्य लोकांचा संगणकास प्रथम हात लागला, हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, हे समीकरणही त्याच शिक्षणाने मनात पक्के केले. 'येथे टिचका, मग तेथे टिचका' हे पाठांतर झाले. का टिचकावयाचे हे कळले नाही. केरळने निराळा मार्ग धरला. तेथेही शालेय संगणक-शिक्षणाची 'आय.टी. ॲट स्कूल' योजना २००१ सालीच निघाली, आणि पुढे सरकारी शाळांनी मुक्त स्वरूपाची लिनक्स कार्यप्रणाली स्वीकारली. भाषेचे, इतिहासाचे, समाजशास्त्राचे साधे शिक्षक ती शिकले आणि त्यांनी ती मुलांस शिकविली. ते शिक्षक आपल्याहून बुद्धिमान होते काय? मुळीच नाही. "मुलगा येईल तेव्हा पाहील" असे म्हणण्याची सोय त्यांस नव्हती, एवढेच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अज्ञान ही खाजगी बाब असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ज्यास यंत्र चालविता येत नाही तो आपली किल्ली दुसऱ्यास देतो. कोणी संकेतशब्द कागदावर लिहून सहायकास देतो. कोणी डिजिटल स्वाक्षरीचे साधन त्याच्या खणात ठेवतो. निवृत्तीनंतर हयातीचा दाखला कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून भरून घेतो आणि त्या भरात बँकेच्या चाव्याही त्याच्या हाती जातात. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही सोय निघाली ती निवृत्ताने घरबसल्या दाखला द्यावा म्हणून. आपण तिच्यासाठी नवा मध्यस्थ शोधला. ज्या अधिकाऱ्याने उभ्या आयुष्यात आपला शिक्का कोणास हाताळू दिला नाही, कोऱ्या कागदावर सही केली नाही, तोच दूरध्वनीवरील अनोळखी आवाजाच्या सांगण्यावरून पडद्यावरच्या प्रश्नास 'होय' असे उत्तर देतो आणि आपले सारे यंत्र परक्यास खुले करतो. तो भोळा आहे म्हणून नव्हे; 'परवानगी' हा शब्द कचेरीत ज्या अर्थाने वापरला त्याच अर्थाने तो पडद्यावर आहे, हे त्यास कोणी सांगितले नाही म्हणून.

शेवटी भाषेविषयी. बहुतेक कार्यप्रणालींचा तोंडवळा मराठीत करता येतो. सी-डॅकने २००७ साली आणलेल्या 'बॉस' या भारतीय प्रणालीतही मराठीची सोय आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाची प्रमाण कळरचना १९९१च्या भारतीय मानकातच आहे. डाव्या हाताशी स्वर, उजव्या हाताशी व्यंजने, इतकी ती सरळ. तरीही आपण मातेस पत्र लिहितो ते रोमन लिपीत! पडद्यावरचे मराठी शब्द पाहून आपण हसतो. असेच हसे एकदा भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाचे झाले होते. 'बदनाम कोश' म्हणून त्याची टवाळी झाली. आज 'जिल्हाधिकारी' म्हणताना कोणास हसू येते? शब्द वापराने रुळतो. ज्यास इंग्रजीची धास्ती नाही त्यास मराठी पडदा अनावश्यक वाटेल. परंतु त्याच्या घरातील वृद्ध आईस, पत्नीस, गावाकडील भावास तो आवश्यक आहे, आणि तो बसवून देण्याचे काम याच मंडळींचे आहे.

आमची सूचना लहान आहे. परप्रांतातील प्रत्येक मराठी मंडळाने वर्षातून चार रविवार या कामास द्यावेत. पहिल्या रविवारी फाइल कोठे असते ते. दुसऱ्या रविवारी परवानगी आणि संकेतशब्द. तिसऱ्या रविवारी स्थळप्रत. चौथ्या रविवारी तेच सारे एखाद्या निराळ्या कार्यप्रणालीवर, म्हणजे तत्त्व कळले की केवळ पाठांतर झाले ते उघड होईल. शिकविणारा तरुण अभियंताच पाहिजे असे नाही. काल शिकलेला निवृत्त लेखापाल अधिक चांगले शिकवील, कारण आपण कोठे अडलो होतो हे त्यास आठवत असते.

आणि पुण्याहून येणाऱ्या त्या मुलाविषयी आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, तो सुटीत येईल तेव्हा त्याने आईच्या हातचे जेवावे, वडिलांबरोबर पिंजौरच्या बागेत फिरावे. त्यास आल्या आल्या संगणकापुढे बसवू नये. ते काम वडिलांचे आहे, आणि तो येण्यापूर्वी ते झालेले असावे.