मढं आधी, माणूस नंतर?

परवा रात्री पावणेबाराला अपघाताची बातमी घ्यायला कॅज्युअल्टीत गेलो होतो. (रुग्णालय कुठलं ते सोडा, सगळीकडे तेच आहे.) तिथे फवारणीचं औषध प्यालेला एक शेतकरी. तोंडाला फेस, बायकोचा आक्रोश, आणि समोर एकटा इंटर्न. पोराला हातमोजे घालता येईनात, इतके हात थरथरत होते. सिस्टरने धावपळ केली, सीनियर आले, माणूस वाचला. वाचला म्हणून बातमी झाली नाही. मेला असता तर आम्हीच ‘हलगर्जीपणा’ म्हणून छापलं असतं.

दोष त्या पोराचा? अजिबात नाही. साडेचार वर्षं शिकला, पण कॅज्युअल्टीत स्वतः उभं राहायची पाळी आली इंटर्नशिपमध्ये. तीही 2021 च्या नियमावलीप्रमाणे दोन आठवडे! आणि हाच पोरगा उद्या बंधपत्रावर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असणार. रात्री दोनला साप चावलेला येणार, आणि सीनियर फोनवर. रेंज असली तर.

म्हणून म्हणतो, पहिल्या वर्षापासूनच कॅज्युअल्टीत पाठवा. 2019 च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पेशंट दाखवायची सोय आहे. सीपीआरही शिकवतात, पुतळ्यावर. पण पुतळ्याचे नातेवाईक रडत नाहीत हो!

‘पहिल्या वर्षाच्या पोरांना काय कळतं?’ असं प्राध्यापक मंडळी म्हणतील. अहो, औषध देऊच नका म्हणावं. नाडी मोजू द्या. एकदम चार जखमी आले तर आधी कोणाला घ्यायचं, हे जुनी सिस्टर दारातच कसं ठरवते ते बघू द्या. ‘गेले’ हा शब्द नातेवाइकांना कसा सांगतात, ते ऐकू द्या. मात्र स्ट्रेचर ढकलायला आणि रक्ताच्या बाटल्या आणायला फुकटचे हमाल म्हणून नको. सोबत शिकवणारा हवाच.

घोडं इथेच पेंड खातं. इमर्जन्सी मेडिसिनला वेगळी शाखा म्हणून 2009 मध्ये मान्यता मिळाली. 2020 च्या नियमांत प्रत्येक मेडिकल कॉलेजला हा विभाग सक्तीचा केला, आणि 2023 मध्ये सक्तीच्या यादीतून काढून टाकला! पुढच्याच वर्षी, 9 ऑक्टोबर 2024 ला, राज्यात एका दिवसात दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन. जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली... कॉलेजं हवीतच, त्याबद्दल वाद नाही.

पण आमदारसाहेब, आपल्या कॉलेजच्या अभ्यागत मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत शिकवायला कोण उभं असतं? नाव आणि ड्युटीचा तक्ता मागा. मिळाला की इथेच टाकतो.