अनित्यता फक्त अंत्यविधीलाच आठवायची का?



आपल्या वस्तीत कोणी गेलं की सगळे जमतात. त्रिसरण-पंचशील होतं, जीवन अनित्य आहे हे बौद्धाचार्य समजावून सांगतात आणि आपण माना डोलावतो. घरी मात्र कोणी मरणाचा विषय काढला की आपण त्याला लगेच गप्प करतो. "कशाला अभद्र बोलतोस?" दवाखान्यात नर्स म्हणून आणि नंतर वस्तीत काम करताना मी जे पाहिलं, त्यावरून माझं स्पष्ट मत आहे की ही गप्प करण्याची सवय आपल्या घरांना फार महाग पडते.

आमच्या पलीकडच्या गल्लीतले एक भाऊ कंत्राटी सफाई कामगार होते. वय 44. त्यांना बीपी आहे हे शिबिरात कळलं, मीच मोजलं होतं. दोन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं म्हणून सोडून दिल्या. एका पहाटे कामाला निघताना ते दारातच कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. घरच्यांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. साखरपाणी पाजलं, तळपाय चोळले, त्यात दोन तास गेले. चौथ्या दिवशी भाऊ गेले.

पुण्यानुमोदन झालं आणि वहिनींची खरी वणवण सुरू झाली. बँकेच्या खात्याला वारस लावलेला नव्हता. पगारातून पीएफ कापला जात होता, पण त्याचा नंबर भाऊंच्या मोबाईलमध्ये आणि मोबाईलचा लॉक कोणालाच ठाऊक नाही. खोलीचा फोटोपास अजून सासऱ्यांच्या नावावर. धुण्याभांड्याच्या कामावर खाडे करून त्या आठ महिने खेटे घालत होत्या. मुलीच्या कॉलेजची फी थकली. एकदा माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "ताई, ह्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ही माझ्या मरणाची वाट बघते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दीक्षाभूमी बघायची राहिली. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ."

त्या दिवशी घरी येऊन मी माझं स्वतःचं पासबुक काढलं. वारसाचा रकाना कोराच होता. लोकांना सांगत फिरणारी मी, माझ्याच घरात अंधार!

बाबासाहेबांचं शरीर मधुमेहाने पोखरलं होतं. तरी 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर अवघ्या 53 दिवसांनी, 6 डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. 'तब्येत सुधारली की बघू' असं ते म्हणाले असते तर? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात, 1957 मध्ये आला, कारण लिहिण्याचं काम त्यांनी मागे ठेवलं नव्हतं. तथागतांचा शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणं. अनित्यता ऐकून हातपाय गाळायचे नसतात, कामाला लागायचं असतं.

मग काम कोणतं? पहिलं, वय तिशीच्या पुढे असेल तर वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर तपासा. महापालिकेच्या दवाखान्यात पैसे न देता होतं. बीपी 140/90 किंवा त्याच्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

दुसरं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तोंडात पाणीही घालू नका. लगेच 108 ला फोन करा. मेंदूतली गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

तिसरं, घरात एक पिशवी करा. आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, पासबुक, पीएफचा नंबर, फोटोपास, लाईट बिल आणि चालू औषधांचा केसपेपर तिच्यात ठेवा. ती कुठे आहे हे नवरा-बायको दोघांना आणि मोठ्या मुलाला किंवा मुलीला माहीत हवं. बँकेत आणि पीएफला वारसाचं नाव लावा. पीएफ भरणारा कामगार नोकरीत असताना गेला तर कुटुंबाला 7 लाखांपर्यंत विमा मिळू शकतो, हे कंत्राटदार आपणहून सांगत नाही.

चौथं, बँक खात्यावरचे दोन सरकारी विमे. जीवनज्योतीला वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50. अपघाताच्या सुरक्षा विम्याला 20 रुपये, वय 18 ते 70. दोन्हींत मृत्यूनंतर 2 लाख. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे असू द्या.

कोणी म्हणेल, ताई, हातावर पोट आहे, तुमचं नियोजन कुठे बसवू? दोन्ही विम्यांचे मिळून महिन्याला 38 रुपये होतात. कोणी म्हणेल, हातमोजे आणि मास्क न देणाऱ्या कंत्राटदाराला सोडून तुम्ही आम्हालाच शिकवता. नाही. त्याच्याशी भांडायचंच आहे, मी पुढे असेन. पण मोर्च्यातून घरी न परतलेल्या माणसाच्या बायकोलाही हेच कागद लागतात.

आणि ज्या गोष्टी 'पुढच्या वर्षी'वर टाकल्यात, त्यातली एक यंदा करा. दीक्षाभूमीला जा. रुसलेल्या भावाला फोन लावा. आईला शेजारी बसवून तिच्या तरुणपणाचं विचारा. त्याला विमा लागत नाही.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आमच्या विहारात महिला मंडळ फॉर्म भरून देणार आहे, बीपीही मोजणार आहे. तुमच्या विहारातही हे करता येईल. त्या वहिनी आता आमच्यासोबत बसतात. पहिला प्रश्न त्याच विचारतात, "वारस लावलाय का?"