पाळणे रंगविले, नटबोल्ट कोण पाहणार?

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलींचे वेध लागतात. पूर्वी ही सहल लेणी पाहण्यास, किल्ल्यावर किंवा फार तर एखाद्या धरणावर जात असे. १९८९ साली गोराईच्या खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. गावोगावी निघालेल्या लहान उद्यानांची तर गणतीच नाही. मुलांनी मौज करू नये असे म्हणणाऱ्या अरसिकांपैकी आम्ही नव्हे. परंतु ज्या यंत्रांवर मुले आकाशात उलटीपालटी होतात त्यांच्या देखभालीवर आणि ज्या पाण्यात ती डुंबतात त्याच्या शुद्धतेवर उद्यानांचे चालक किती पैसा खर्च करतात, हे पालकांस कळलेच पाहिजे.

अहमदाबादच्या कांकरिया तलावावर १४ जुलै २०१९ रोजी जे घडले ते अनेकांच्या स्मरणातून गेले असेल. रविवारची संध्याकाळ, सुटीची गर्दी, आणि लंबकासारखा झुलणारा भला मोठा पाळणा मधल्या दांड्यापासून तुटून खाली आला. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. जागा महापालिकेची, चालक खाजगी. लोखंड एका दिवसात तुटत नसते. हजारो हेलकाव्यांनी ते आतून थकते. प्रथम केसाएवढी तड जाते, ती डोळ्यांस दिसत नाही, ध्वनिलहरींच्या किंवा तत्सम तपासणीनेच सापडते. या तपासणीस पैसे लागतात, शिकलेला माणूस लागतो आणि पाळणा काही दिवस बंद ठेवावा लागतो. आमच्या कोकणपट्टीत तर चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा लोखंडास खात असतो. त्यावर रंगाचा नवा हात मारला म्हणजे गंज झाकला जातो, थांबत नाही.

मग हा खर्च टळतो का? उत्तर उघड आहे. नवा पाळणा आणला की उद्‍घाटन होते, फीत कापली जाते, जाहिरात झळकते, तिकिटाचा दर वाढविता येतो. जुन्या पाळण्याचे बेअरिंग वेळेवर बदलले तर हार कोणी घालीत नाही. कर्जावरचे व्याज टाळता येत नाही, विजेचे बिल टाळता येत नाही, जाहिरातीवाचून गिऱ्हाईक येत नाही. पावसाळ्यात उत्पन्न आटले की हिशेबाच्या वहीत तक्रार न करणारी एकच रक्कम उरते, ती देखभालीची. कात्री तिलाच लागते. आणि त्या वर्षी काही घडले नाही, की ती काटकसर शहाणपणाची ठरते!

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले ते स्वच्छतेचा आदर्श म्हणून. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील देखभालीच्या खर्चास कात्री लागल्याची टीका उघडपणे होऊ लागली. १९९८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तेथील जहाजाचा दोर ज्यास बांधतात तो धातूचा खुंटाच उखडून उडाला आणि एक पर्यटक प्राणास मुकला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा कायमच्या उद्यानांतील यंत्रांची सरकारी तपासणी कायद्याने सुरू केली. तरीही सप्टेंबर २००३ मध्ये तेथील डोंगरगाडीवर बावीस वर्षांचा एक तरुण दगावला. सरकारी चौकशीत दुरुस्तीच्या वेळी बोल्ट नीट आवळले नव्हते असे निघाले. ज्यांच्या तिजोरीस अंत नाही त्यांच्या घरची ही कथा!

पाण्याची गोष्ट याहून सूक्ष्म. पाण्यातील क्लोरीन ऊन खाते, घाम खातो, आणि लहान मुलांच्या उथळ डबक्यात जे मिसळते तेही खाते. सकाळी योग्य असलेले प्रमाण गर्दीच्या दिवशी दुपारपर्यंत उतरते. अमेरिकेतील जॉर्जियात १९९८ च्या जूनमध्ये एका जलोद्यानातून पसरलेल्या जंतूंनी सव्वीस मुले आजारी पडली, एक दगावले. पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते. दिवसातून चार वेळा पाणी तपासून आकडा लिहून ठेवणारा एक माणूस, एवढाच हा खर्च!

आम्ही पूर्वाश्रमीचे मास्तर. एका सहलीत आमच्या सहकारी शिक्षिकेने आम्हांस सांगितले, की मुली सकाळपासून पाणीच प्यालेल्या नाहीत. कारण विचारता त्यांनी मान खाली घातली. स्वच्छतागृहाकडे जाऊन आलो तेव्हा कारण कळले: दारास कडी नाही, नळास पाणी नाही, झाडणारी बाई एक आणि मुले आठशे. प्रवेशद्वाराशी मात्र त्याच वर्षी नवे कारंजे उभारले होते. त्या उद्यानाचे नाव आम्ही सांगत नाही. कारण इतरत्र स्थिती निराळी आहे अशी ग्वाही आमच्याने देववत नाही.

सरकारने परवाना देताना देखभालीची रक्कम निराळ्या खात्यात ठेवण्याची अट घालावी आणि ती अन्यत्र वळविण्यास मनाई करावी. प्रत्येक पाळण्याची शेवटची तपासणी कोणी व कधी केली आणि पाण्यात त्या दिवशी क्लोरीन किती, हे तिकिटाच्या खिडकीशी फळ्यावर लिहावे. फळ्यास आणि खडूस फार पैसे लागत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

सरकार हलेपर्यंत मुख्याध्यापकांनी मात्र स्वस्थ बसू नये. सहलीचे पैसे भरण्याआधी उद्यानाच्या व्यवस्थापकास पत्र लिहून याच दोन गोष्टींची माहिती मागवावी, आणि मुलींसाठी किती स्वच्छतागृहे आहेत तेही विचारावे. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर सहल खुशाल किल्ल्यावर न्यावी.